चिंगीचा दुधाचा दात

३ जून, सोमवार
अखेर प्रयोगशाळेत रुजू झालो! काम झकास आहे. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर पदार्थ ठेवायचा, भोवतीच्या पोलादी डबीचे, म्हणजे सेलचे, स्क्रू आवळून तो दाबायचा आणि एक्स-रे सोडून तो आत कसा बदलतो ते वर्णपटात बघायचं. सेल मुठीत मावतो, पण आतला दाब पृथ्वीच्या पोटातला. इथला रिवाज असा, की नव्या माणसाने सरावाला स्वतःजवळचंच काहीतरी ठेवायचं. आमच्या प्रमुख बाईंनी नख मागितलं. मी पडलो नखं कुरतडणारा! पाकिटात चिंगीचा, माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा, पहिला पडलेला दात होता. नीट सांभाळ म्हणून बजावून दिला होता तिने. त्याचाच कण खरवडला. कळलं तर आठवडाभर अबोला धरेल.

४ जून, मंगळवार
अकराला स्क्रू पाव फेरा आवळले. कॅल्शियमची रेघ सुरेख उमटली. बाई म्हणाल्या, हात हलका आहे तुमचा. दिवसभर नुसता फुशारलो होतो. आवळणं सोपं, सोडवणं अवघड, हेही त्यांनी सांगितलं. दाब उतरवताना हिरे तडकतात आणि आतल्या कणाचा मागमूस राहत नाही. संध्याकाळी इथल्या भाड्याच्या खोलीवरून घरी फोन केला. चिंगीचे कान सकाळपासून दुखतायत. सर्दी असेल.

६ जून, गुरुवार
आणखी अर्धा फेरा. बायको फोनवर रडत होती. चिंगी म्हणते, खोली लहान झालीय, भिंती अंगाला लागतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. बरोबर दोनला दुखणं वाढलं. मी स्क्रू फिरवले तेव्हाही दोनच वाजले होते. छे, काहीतरीच!

७ जून
राहवेना, बाईंना सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी वही उघडली आणि नेमक्या वेळा विचारल्या. माझ्या आधीच्या माणसाने बायकोचा केस ठेवला होता म्हणे. त्याने वेळा टिपल्या नाहीत, याचीच त्यांना हळहळ. मग मला घरी फोन लावायला सांगितलं आणि माझ्यादेखत स्क्रू फिरवला.
चिंगी किंचाळली. बाईंनी वेळ लिहून घेतली.

८ जून, सकाळ
सेल हिसकावून आणला. खोलीला आतून कडी घातलीय. हात लावला नाही तरी दाब चढतोच आहे, मापकावरचा आकडा थांबत नाही. बायकोने फोनवर सांगितलं, चिंगीची उंची चार बोटं कमी भरली. चार बोटं! माझ्या हाताने झालं हे.

१२.०५
सोडवायलाच हवं. फोन चालू ठेवलाय. वेळा लिहितोय, कुठे चुकलं ते कळायला—

१२.११
किंचित सोडला. तिने मोठा श्वास घेतला. बाई दाराबाहेरून सांगतायत, घाई नको, समोरासमोरचे स्क्रू एकाच वेळी, थोडे थोडे सोडा. आणि विचारतायत, किती वाजले.

१२.१६
आणखी थोडा. भिंती मागे गेल्या म्हणाली. हसली! मग विचारलं, बाबा, माझा दात आहे ना नीट? मी हो म्हणालो.

१२.१९
सेलमध्ये टक् झालं. बारीक. फोनवर बायको—
चिंगी, बोल ना. चिंगी, बा