फाटक उघडता आलं असतं

गजेंद्र,

हे पत्र मी तुला देणार नाही, म्हणून यात खरं लिहिते.

गावचा थांबा बंद झाला तेव्हा तू म्हणालास, "ताई, गाडी थांबत नाही म्हंते काय? थांबवूनच दाखवतो!" दोन रुळांना तार जोडली की सिग्नल लाल होतो, हे तुला मीच सांगितलं होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातली नवी नोकरी, तेवढा तोरा होता.

त्या सकाळी गाडी थांबली. तुझ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. पण अशा तारेने बंद फाटकाचं कुलूपही अडकतं आणि ते उघडत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. तुला ते अजून माहीत नाही. नांदुऱ्याच्या दवाखान्यात निघालेले बाबा फाटकाअलीकडे रिक्षात छाती धरून बसले होते. बिघाड शोधत मी चाळीस मिनिटांनी पोहोचले आणि आपल्या विहिरीवरच्या मोटारीची तार रुळांवरून काढली. तोवर बाबा गेले होते.

तू फाटकवाल्या भागवतकाकांच्या कानाखाली मारलीस. मी तार पिशवीत टाकली आणि अहवालात लिहिलं की यंत्रणा व्यवस्थित होती, फाटक उघडता आलं असतं. बाबांमागे आईला तू घरी हवा होतास, तुरुंगात नको. काका निलंबित झाले.

काल ते आपल्या दारात आले. "गजूभाऊ, मले तं कुलपाचा लाल दिवाच दिसला होता. पण ताई शिकलेली हाय. ते लिहिते तं माहीच नजर चुकली असंन. माफ कर बाप्पा."

तू दार लावून घेतलंस. मी आत जेवत होते. जेवण पूर्ण केलं.

तुझी ताई,
करिष्मा