दिनूचा हात कुठवर आला

रामवाडी, पेण
चैत्र, मंगळवार (तारीख कॅलेंडरावर आहे, चष्मा कुठे आहे ते माहीत नाही)

तीर्थरूप गिरजाआक्काच्या पायांवर धाकट्या रंभेचं डोकं. तुझे गुडघे कसे आहेत? रोह्याच्या घरचे सगळे खुशाल असतील. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. परवा फोनवर तू विचारलंस, तुझ्या नातीच्या, सरूच्या लग्नाला आमचं पोर येणार ना, मग म्हणालीस, "म्हंजे गो... कसं येनार?" आणि लगेच पोह्यांच्या गिरणीची गोष्ट काढलीस. पत्रात तुला विषय बदलता येत नाही, म्हणून या चौथी पास बाईने पेन धरलं.

तर दिनू सुखरूप आहे. जन्मला तेव्हा सुईणीने मुलगी म्हणून सांगितलं, पण पोर पहिल्यापासून मुलगाच, हे तुला मी काय सांगू. पाचव्या वर्षी तुझ्याच परकराच्या नाडीला लटकून चड्डी मागत होता. (नाव त्याने आजोबांचं घेतलं, दिनानाथ. जे नाव मी चाळीस वर्षं उखाण्याशिवाय घेतलं नाही, ते आता दिवसातून वीसदा घेते. परवा "दिनानाथ, ऊठ, दात घास" म्हणून ओरडले आणि फोटोकडे बघून डोक्यावर पदर घेतला.) मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी छाती काढून पुरुषासारखी सपाट केली. आज तेविसावा दिवस.

पहिला आठवडा विचारू नकोस. दोन्ही कुशींतून दोन नळ्या आणि टोकाला रबरी फुगे, त्यांत लालसर पाणी जमायचं. ते मापायचं काम माझं. (आपण गाय किती देते बघायचो ना, तसंच, फक्त इथे कमी निघालं की आनंद.) निजायचं उताणं, पाठीला तीन उशा, कूस बदलायची नाही. छातीला आवळलेल्या पट्ट्याच्या आत खाज सुटायची, आणि वरून चोळलं तर त्याला काही लागायचंच नाही, सगळी जागा बधिर. खाज एका घरी, बोट दुसऱ्या घरी. वर दुखण्याच्या गोळ्यांनी पोट चार दिवस बंद. ऑपरेशनला रडला नाही तो पोरगा त्यापायी रडला, आणि पाचव्या सकाळी संडासातून असा हसत आला की मी देवापुढे साखर ठेवली. हसला की टाके ओढायचे, म्हणून मला बोलायलाच बंदी. आक्का, मला. मी आंबेहळदीचा लेप उगाळून ठेवला होता, तो डॉक्टरीणबाईंनी फोनवरूनच नाकारला, मग वाया कशाला म्हणून माझ्या गुडघ्याला लावला. गुडघा बरा आहे. (तुला पाठवू का?)

शेजारच्या विमलबाईने विचारलं तेव्हा मी छातीचं ऑपरेशन एवढंच म्हटलं. तिने गल्लीभर सांगितलं की पोराच्या हृदयात बिघाड झाला. दोन दिवसांत सोळा शहाळी, आणि तेल-पापड बंद करा म्हणून सल्ले. पेणमध्ये पापड बंद. शेवटी मी तिला ओट्यावर बसवून खरं काय ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग पापड चालंल ना त्याला?" आणि पोह्याचे पापड भाजून घेऊन आली. मी इतके दिवस उगाच घाबरत होते गो.

सहा वर्षं तो छाती आवळून, पोक काढून चालायचा, उन्हाळ्यातसुद्धा जाड शर्ट. पट्टी पहिल्यांदा सुटली तेव्हा खपल्या बघून मला भोवळ आली. तो आरशात बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "आजी, माझा निळा शर्ट दे." बटणं लावायला पाव तास लागला, मदत करू दिली नाही. आणि वळला तेव्हा आक्का, आपला बाबा शेतावर निघताना उभा राहायचा तसा ताठ उभा होता. इतका उंच आहे हे मला माहीतच नव्हतं.

आता एकच उरलं. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. बोटं भिंतीवर चालवायचा व्यायाम दिलाय, जिथवर पोचला तिथे मी गेरूने रेघ ओढते. पहिली रेघ कंबरेला, कालची खांद्याला, आणि तिथे सध्या थांबायचं आहे. भिंत विद्रूप झाली, पण मी पुसणार नाही.

लहानांच्या गालांवरून माझा हात फिरव, मोठ्यांना नमस्कार सांग.

तुझी
रंभा

ता.क. सरूचा नवरा मुलगा उंचीला किती आहे? होमाला पाटावर बसणार की हल्लीसारखा खुर्चीवर? विचारून कळव. पाटावर बसणार असेल तर त्याचा कान आमच्या खांद्याच्या रेघेच्या खालीच येतो, मी सुनेला पाटावर बसवून मोजलंय.

ता.क. दुसरा. तू विहिणीला म्हणालीस म्हणे, सरूला भाऊ नाही, नवऱ्याचा कान पिळायला शेजारचा केरू उभा करू. भाऊ आहे. तो कसा येणार विचारलंस, तर असा येणार.

ता.क. तिसरा. हे मी मनाने लिहिलंय, दिनूला माहीत नाही. पण कालपासून तो उजव्या हाताची दोन बोटं नुसतीच पिळून बघतोय.