लेडी सिबिलचा तिसरा अर्ज

लिंकन, मंगळवार

प्रिय बाबा,

मी इथे सुखरूप आहे. खोली उबदार आहे आणि घरमालकीणबाई रोज सकाळी आग्रहानं अंडं खायला घालतात, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी नको. तुमचा गुडघा कसा आहे?

आपली लेडी सिबिल सापडली! पोटच्या मुलाला टाकून गेलेली बाई म्हणून आपल्या घराण्यानं सहाशे वर्षं तिला नावं ठेवली. तसं नव्हतं हो. नवरा वारल्यावर राजानं तिचा सात वर्षांचा मुलगा, जहागिरीचा वारस म्हणून, दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात दिला. त्याला भेटू द्या म्हणून तिनं राजाकडे तीन अर्ज केले.

दफ्तरखान्यातल्या मिसेस पास्क मला लॅटिन वाचून दाखवत होत्या. तिसऱ्या अर्जाशी थांबल्या.

"अगं, इथे ती म्हणते, भेट राहू दे. नुसतं लांबून बघू द्या, मी हाक मारणार नाही."

"मग राजानं काय उत्तर दिलं?"

"उत्तर नाहीच गं. चल, चहा घेऊ."

आठवड्यात मला चहाला बोलावणाऱ्या त्या पहिल्याच.

तुमच्या वंशावळीत तिच्या नावापुढे 'मुलाला टाकून गेली' अशी जी ओळ आहे, ती खोडून टाका, बाबा.

रॉबिन रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो ना? माझ्याकडून त्याच्या वडिलांकडे राहायला गेल्यापासून त्यानं माझा फोन घेतलेला नाही. माझा विषय काढू नका. तो आता किती उंच झालाय, तेवढंच कळवा.

तुमची,
हेस्टर