घेवड्याला वळण

३ मार्च, सकाळी ७.१०
रिटायर होऊन आज नऊ दिवस. आजपासून बागकाम. परसात चार फूट बाय दहा फुटांचा वाफा आखला, टेप लावून. दोन जाती निवडल्या: फरसबी आणि लाल फुलांचा वेली घेवडा. पाकिटांवर सूचना छापल्या होत्या, वाचल्या नाहीत. छत्तीस वर्षं ऑफिसात मीच सूचना काढत होतो, आता पाकिटाचं ऐकू?

उद्देश (कुणालाही सांगायचा नाही): ५ मेला सोमवार, लेकीचं दुकान बंद. हिने तिला जेवायला बोलावलंय. आठ महिन्यांनी घरी येईल. टोपलीभर शेंगा समोर ठेवायच्या. घेवड्याची भाजी म्हणजे तिचा जीव की प्राण. माफी मागायचा प्रश्नच येत नाही, कारण मी चुकलेलोच नाही. काय बोलायचं ते शेंगा बोलतील.

३ मार्च, दुपार
बारा बिया पेरल्या. कंबर धरली.

९ मार्च
ही म्हणाली, लेकीला एक फोन करा की. म्हटलं, तिला बोटं नाहीत का?

एकदा लिहून ठेवतो म्हणजे गैरसमज नको. तिने बँकेतली चांगली नोकरी सोडून केस कापायचं दुकान काढलं, तेव्हा मी पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालो की आता पदवीची सुरळी कर आणि कंगव्यांच्या बरणीत खोचून ठेव. विनोद होता. सगळे हसले. ती हसली नाही, याला मी काय करणार? दुकानाच्या उद्घाटनाला गेलो नाही, कारण पाय मुरगळला होता. कुठला, ते आता आठवत नाही.

१२ मार्च
अकरा उगवले. बारावा बहुधा रजेवर.

२४ मार्च
फरसबीला सात फुटी काठ्या लावल्या. फरसबी गुडघ्यापर्यंत येऊन बसली आहे. शेजारचे चष्मेवाले (चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं) कुंपणावरून म्हणाले, अहो ही बुटकी जात, ती चढत नाही. म्हटलं, प्रोत्साहन कमी पडलं असेल. काठ्या काढल्या नाहीत.

२८ मार्च, सकाळी ६.४५
गंभीर बाब. वेली घेवडा काठीवर चढतोय, पण उलटा! स्टुलावर उभं राहून वरून पाहिलं. सहाच्या सहा वेल घड्याळाच्या उलट दिशेने गुंडाळलेत. सगळे सोडवले आणि सुलट गुंडाळले. दोऱ्याने बांधले. ही चहा घेऊन आली, म्हणाली, वेलाला वळण लावताय वाटतं? अगदी बरोबर. वळण लहानपणीच लावायला हवं.

२९ मार्च
पुन्हा उलटे. पुन्हा सुलट केले.

३० मार्च
तेच.

३१ मार्च
तेच. एकाचा शेंडा माझ्या हातात आला. तो पहिल्यापासूनच हेकट होता.

चष्मेवाले म्हणाले, हा वेल त्याच बाजूला वळतो, जन्मभर बांधलात तरी. या माणसाचा धंदाच दुसऱ्याच्या नजरेत दोष काढायचा. ही तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, अशाच हट्टापायी एक गेलं घरातून, आता हे सहा तरी राहू द्या. कुणाबद्दल बोलत होती कळलं नाही. वेलांबद्दल असावं, पण वेल आता पाचच आहेत.

वळण लावण्याचा कार्यक्रम तूर्त स्थगित. माघार नव्हे.

११ एप्रिल
संध्याकाळी फिरायला गेलो. वाटेत लेकीचं दुकान लागलं. वाट थोडी वळवावी लागली, एवढंच. हिरवं दार. आत तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. घरापासून चौदा मिनिटं. मुद्दाम मोजली नाहीत, घड्याळ हातावर होतं म्हणून दिसली. आत गेलो नाही, गर्दी होती. काल गेलो तेव्हाही होती. परवाही.

माझे केस कानांवर आलेत. नेहमीच्या सलूनवाल्याकडे जावंसं वाटत नाही. फार बडबडतो.

२२ एप्रिल
शेंगा लागल्या!! फरसबीला तर झुपकेच्या झुपके. बोटभर लांब, कोवळ्या लुसलुशीत. ही लगेच विळी घेऊन हजर. साफ नाही म्हटलं. फ्रिजवर नोटीस लावली: ५ मेपर्यंत एकही शेंग तोडली जाणार नाही. ही म्हणाली, अहो, तोडत गेलं की नव्या लागतात, तशाच ठेवल्या की झाड थांबतं. दुपारी चष्मेवालेही शब्दन् शब्द तेच म्हणाले. दोघांनी आधी ठरवलेलं दिसतंय.

४ मे
लेकीचा हिला फोन. उद्या एका मोठ्या पार्टीचं काम आलंय, आता १९ला येईन म्हणाली. मला काही वाटलं नाही. उलट बरंच झालं, शेंगा आणखी वाढतील. जेवलो नाही. भूक नव्हती.

१३ मे
शेंगा वीतभर झाल्या. आतले दाणे बाहेरून मोजता येतात. नवं फूल एकही नाही. फरसबी पिवळी पडत चालली आहे, थकली असेल. हिने एक शेंग दाबून पाहिली, म्हणाली, निबर झाल्यात. म्हटलं, भारदस्त झाल्यात. चष्मेवाल्यांनी माझ्या केसांकडे बघून विचारलं, यांनाही काठी लावायची का?

१९ मेला काय बोलायचं याची रोज आरशासमोर तयारी करतो. म्हणजे काहीच बोलायचं नाही, याची.

१९ मे, संध्याकाळी ५
आली. बारीक झाली आहे. की मीच फार दिवसांनी पाहिली? टोपली पुढे केली. छान आहेत म्हणाली.

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. तिघं जेवायला बसलो आणि तिघंही तोंडातून शिरा ओढत राहिलो. ताटांच्या कडेला ढीग झाले. कुणीच काही बोलेना. शेंगाही बोलल्या नाहीत.

शेवटी लेक म्हणाली, बाबा, या तीन आठवड्यांपूर्वीच तोडायला हव्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, तुझ्यासाठी ठेवल्या होत्या. तिने तोंडातली शीर ताटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, मग दुकानात आणून द्यायच्या ना, पंधरा मिनिटांवर तर आहे.

म्हटलं, चौदा.

हिचा घास हातातच राहिला. लेक माझ्याकडे बघतच राहिली. मी घाईघाईने पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता.

मग मी बोललोच. म्हणालो, ते कंगव्यांच्या बरणीचं मी बोलायला नको होतं. चुकलं माझं. आणि पाय मुरगळला नव्हता. ती म्हणाली, माहितीये, आईने तेव्हाच सांगितलं होतं. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मी म्हटलं, मिरची जास्त झाली. ही म्हणाली, मिरची घातलेलीच नाही.

जाताना दारात लेकीने माझे केस चिमटीत धरून बघितले. म्हणाली, उद्या साडेदहाला या. उशीर झाला तर नंबर जाईल.

२० मे, दुपार
वेल उपटले. सुकल्यावरही काठ्यांना उलटे घट्ट चिकटून होते, सोडवता सोडवता घाम फुटला.

१०.१६ला घरातून निघालो. ठीक साडेदहाला हिरव्या दारात. आरशापुढे कंगव्यांची बरणी, तिच्यात नुसते कंगवे. पदवी भिंतीवर, काचेच्या चौकटीत. तिच्या खालच्याच खुर्चीत मला बसवलं. मला दुसरी हवी होती, पण म्हटलं नाही.

मान खाली घाला, म्हणाली. घातली. हलू नका, म्हणाली. हललो नाही. अर्ध्या तासात मांडीवर पांढरा ढीग साचला. मग खुर्ची फिरवली, मागून कसं दिसतं ते दाखवायला.

घड्याळाच्या उलट फिरवली. मी काही बोललो नाही.