ओली वाळू

हिंगोली,
१० फेब्रुवारी १९४६

प्रिय अजीज,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र फाडलं नसशील, तर पुढं वाच. फाडलं असशील तरी तुझी चूक नाही. पत्ता तुझ्या बाळापूरच्या मामूंकडून आणला. दोन तास मला ओट्यावर बसवून ठेवलं त्यांनी, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग म्हणाले, सिकंदराबादला कारखान्यात आहे, जिवंत आहे, आणि कागद पुढं टाकला.

घरची खबर आधी सांगतो. तुझ्या अम्मीचे, अमीरबी चाचींचे, गुडघे धरलेत, तरी भाकरी दुसऱ्या कुणाला थापू देत नाहीत. ईदेला तुझ्या नावाची शीरखुर्म्याची वाटी भरतात अन् गुपचूप शेजारी पाठवतात. गुपचूप अशासाठी, की तुझे अब्बा, माझे उस्ताद, तीन वर्षं झाली तरी घरात तुझं नाव काढू देत नाहीत. त्यांचा डावा डोळा तर गेलाच; आता उजव्यालाही धुरकट दिसून राहिलंय. पाईप वाकवायचं सगळं काम मीच करतो.

आठवतं ना, पहिले सहा महिने किती पाईप वाया घालवले आपण? कापसाच्या जिनिंगात रुईचा भुगा उडतो, विजेच्या उघड्या तारेची एक ठिणगी पडली तर सगळी गंजी पेटेल, म्हणून तार लोखंडी पाईपातूनच न्यायची. बाभळीच्या ओंडक्याच्या भोकात पाईप घालायचा, जरासा दाबायचा, बोटभर पुढं सरकवायचा, पुन्हा दाबायचा. मी नरसीचा कुणब्याचा पोरगा, नांगर दाबायची सवय. एका दणक्यात वाकवायला जायचो अन् पाईप चपटा व्हायचा. उस्ताद म्हणायचे, ‘अरे संतराम, बैल न्हाई तो, एवढा जोर काहून?’ तुझा हात मात्र पहिल्यापासून हलका. वाकवताना पाईपाच्या जोडाची शिवण बगलेला ठेवायची हे तुला सांगावं लागलं नाही. तुझी वळणं बघून उस्ताद नुसते ‘हां’ म्हणायचे, आणि त्या एका ‘हां’साठी माझा जीव जळायचा. आज लिहितोच, अजीज. जळायचा.

त्या शुक्रवारी गाठी दाबायच्या प्रेसच्या जाड पाईपाचं वळण होतं. जाड पाईपात कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, मग भट्टीत लाल करून वाकवायचा. कयाधू नदीची वाळू तू सकाळपासून कढईत भाजत होतास. नमाजाला जाताना बजावून गेलास, पोटातली अजून ओली आहे, मी आल्याशिवाय भरू नको. मी वरवर हात फिरवला. वर कोरडी लागली. म्हटलं, हा यायच्या आत भरून ठेवतो, आज ‘हां’ आपल्याला. तू आलास, विचारलंस, सुकली का? मी म्हणालो, खडखडीत. माझ्यावर भरवसा ठेवून तू पाईप भट्टीत सरकवलास. रंग बघायला उस्ताद वाकले, आणि आतल्या वाफेनं गुट्टी सुटली.

रक्तानं भरलेला पंचा डोळ्यावर धरून त्यांनी विचारलं, वाळू कुणी भरली? वाळूचं काम तुझं, हे सगळ्या जिनिंगाला माहीत. तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस. माझं नाव घेतलं नाहीस, मी बोलेन म्हणून थांबलास. आणि मी, भाड्या, खाली मान घालून भुईकडं बघत राहिलो. उस्ताद म्हणाले, तोंड दाखवू नको. दुसऱ्या दिवशी तू पूर्णेच्या गाडीत बसलास. स्टेशनावर मी आलो होतो, मालाच्या डब्याआड उभा होतो. हाक मारायची हिंमत झाली नाही.

परवाच्या शुक्रवारी माझी शागिर्दी पुरी झाली. तुला रीत माहीत आहे. उस्तादानं चार कारागिरांसमोर शागिर्दाला रुमाल बांधायचा, फातेहा पढून दुआ द्यायची, साखर वाटायची. सगळे बसले होते. उस्तादांनी रुमाल उलगडला आणि म्हणाले, पोटच्या पोरानं माझा डोळा घेतला, या परक्याच्या पोरानं मला डोळा दिला. रुमाल डोक्याला लागायच्या आत मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. कुणी साखर खाल्ली नाही. पडद्याआड चाची मोठ्यानं रडल्या, तीन वर्षांचं एकदम. उस्तादांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रुमालाची घडी घातली आणि उठून गेले.

काल त्यांनी बोलावलं. वाटलं, कामावरून काढणार. तर म्हणाले, कागद घे, ‘लिख, अजीज, बाप माफी मांगता.’ म्हटलं, उस्ताद, माफी तर मी मागायची. त्यावर म्हणाले, ‘तुझी तू माग. ही माझी आहे. डोळा वाळूनं गेला. लेकरू मी घालवलं.’ एवढ्याचसाठी हे पत्र, बाकीचं मी माझ्या पदरचं लिहिलं. माझ्या माफीचं राहू दे, ती मागायला मी तुझ्या दारी येईन. तू उत्तर उस्तादांच्या नावानं धाड. त्यांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागेल. मला शिव्या लिहिल्यास, तर त्याही मोठ्यानं वाचीन, एक शब्द गाळणार नाही.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझाच,
संतराम