झुंबरबाईच्या नावची कॉफी

ती. झुंबरअक्का यांस,
धाकट्या जावंचा वाकून नमस्कार. गुडघं दुखत्यात, तरी वाकलेय.

कळंब्याच्या नव्या घरात येऊन महिना झाला. घर झ्याक हाय, पर शांतता अशी की कुत्रं बी इचारून भुंकतंय. जुन्या घरी, मंगळवार पेठेत, भाजीला गेलं तरी तासभर बोलणं व्हायचं. हितली शेजारीण लांबनंच हात हलवती आन् दार लावती. जीव नुस्ता उबगलाय.

कॅफे मातुर एका गल्लीत तीन! नातीनं, अनुजानं, सगळी दावली. हरखले की मी! एकात तर खुर्चीच्या जागी झोपाळा हाय. पर माणसं समोरासमोर बसून मोबाईलात बघत्यात.

काल काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, नाव काय?"

"कशाला गं, सोयरीक जमवतीस?"

"कपावर लिहायचंय."

माझ्या तोंडातनं तुमचंच नाव निघालं. जरा वेळानं ती वरडली, "झुंबरबाई, कॉफी झाली!" आन् मी खुळ्यागत दाराकडं बघितलं.

तुमी कुठनं येणार? वास्तुशांतीचं आवतण माझ्या धैर्यशीलनं मोबाईलवर धाडलं, हातात अक्षता दिल्या न्हाईत, म्हणून रुसून बसलासा. पोराला लई बोलले मी. पर तुमी बी काय नवरदेवाची आत्या हायसा?

हे पत्र टपालात टाकत न्हाय. ह्याच कागदात अक्षता बांधून उद्या मीच येते. तुमच्या कापडाची पिशवी भरून ठेवा, माझ्यासंगं हिकडं ऱ्हायला यायचं. हितं भांडायला बी कोण न्हाय.

तुमची,
हौसा