चिमणीच्या डोळ्याची जागा

धाकटे, चहा ठेवायच्या आधी ही चिठ्ठी वाच, एक गोष्ट सांगते. एका आईने फुटक्या कपबशांचे तुकडे फळीवर चिकटवून चिमणी केली. दवाखान्यात जाताना ती दोघी लेकींना म्हणाली, "फटींत सिमेंट भरू नका गं. डोळा मी आल्यावर बसवीन, तोवर राहू दे बिचारीला आंधळी!" थोरली रोज आईच्या उशाशी बसायची. घरी धाकटीने मात्र सगळ्या फटी भरल्या, डोळ्याची जागासुद्धा लिंपून टाकली. का, ते देवाला कळतं आणि मलाही कळलं. तू आईची आशाच सोडलीस गं! केसाने गळा कापलास बघ.

सिमेंट अजून ओलं होतं, म्हणून डोळ्याची जागा मी काडीने कोरून मोकळी केली आहे. तिला हात लावू नकोस. वाळल्यावर तुकड्यांवर पांढरट भुकटी दिसेल, ती कोरड्या फडक्याने पुसून घे. डॉक्टरांनी आईला घरी सोडलंय, मी तिला आणायला जाते आहे. डोळ्याचा मणी तिने उशीखाली जपून ठेवलाय. तिला मी यातलं काही सांगणार नाही. देवापुढे बसशील तेव्हा आईची आठवण ठेव, पण जिवंत माणसाची ठेवतात तशी.

ताई